मदत हवी आहे: नैराश्याचा आकडा ११वर अडकलाय, आणि दादाला 'यातून गेलेलं' माणूस हवंय

नमस्कार मंडळी,

दादा ४१ वर्षांचा आहे. दुकान बंद पडल्यापासून नैराश्य आहे, आठ महिने औषधं चालू आहेत. डॉक्टर चांगले आहेत, पण बाहेर रांग असते. "कसं वाटतंय?" "बरंय." "मग ह्याच गोळ्या चालू ठेवू." दर महिन्याला एवढंच बोलणं होतं.

म्हणून दर दोन आठवड्यांनी घरी पीएचक्यू-९चा, म्हणजे नैराश्य किती आहे ते मोजायच्या प्रश्नावलीचा, मराठी कागद भरून घेते. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण जास्तीत जास्त २७; गुण जास्त तेवढा त्रास जास्त. पाच गुणांनी उतरलं तर खरा फरक मानतात, ५च्या खाली आलं की आजार ओसरला असं धरतात. दादाचे आधी १७ होते. गेल्या चार कागदांवर ११, १२, ११, ११.

परवा सगळे कागद जमिनीवर ओळीने मांडले तेव्हा लक्षात आलं. झोप, भूक, थकवा, सगळं उतरलंय. सहावा प्रश्न मात्र पहिल्या दिवसापासून ३वरच: आपण अपयशी आहोत, घरच्यांना खाली पाहायला लावलं. तिथे तो पेन्सिल टेकवून बराच वेळ थांबतो, मग 'जवळजवळ रोज'वरच खूण करतो. (नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा. तिथे सुरुवातीला खूण होती, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगितलं. आता तिथे शून्य आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फ्रिजवर लावून ठेवलाय.)

मी समजावलं की म्हणतो, "तुला काय कळणार?" खरंच आहे ते. त्याला त्यातून स्वतः गेलेलं माणूस हवंय. व्यसनमुक्तीत ही सोय आपल्याकडे जुनी आहे. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण सुरू झालं, तिथे दारूतून बाहेर पडलेली माणसंच नव्यांना हात देतात. नैराश्यातल्या माणसाला तसं कोण भेटणार?

तर विचारायचंय:

डॉक्टरांपुढे हे कागद कसे ठेवू? 'गोळ्या बदला' असं मी सुचवतेय असं त्यांना वाटायला नको. कोणी नेले असतील तर तुमच्या डॉक्टरांनी ते पाहिले का?

नाशिककडे नैराश्यातून सावरलेल्यांचा मराठी गट आहे का? ऑनलाइनही चालेल. पण 'गोळ्या सोडा, ध्यान करा' सांगणारा नको. गट चालवणाऱ्याने काही प्रशिक्षण घेतलंय का, कोणी फार खचलं तर पुढे काय करतात, हे आधी विचारणार आहे. आणखी काय विचारू?

आणि तुमच्यापैकी कोणाचा हा सहावा प्रश्न खाली आला असेल, तर तो कशाने आला, एवढं जरूर लिहा. दादाला विचारूनच हा धागा काढलाय, उत्तरं तोही वाचेल. पुढची तपासणी १८ तारखेला आहे.