दिलीपकुमार रॉय : शास्त्रीय गायक की भजनगायक?

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार मंडळी. आमच्या भजनी मंडळाने कार्तिकात मीरेच्या पदांचा कार्यक्रम ठरवला असून निवेदनाचे काम माझ्याकडे आले आहे. त्यात बंगाली गायक दिलीपकुमार रॉय यांच्यावर दहा मिनिटे बोलायचे आहे. मात्र त्यांची ओळख कशी करून द्यावी यावरून मंडळातच दोन तट पडले आहेत. पेटीवाले आप्पा म्हणतात की पुण्याच्या हरिकृष्ण मंदिराचे हे संस्थापक मुळात साधू होते आणि गाणे हे त्यांच्या उपासनेचे अंग होते. आमच्या तबलजींच्या मते, रीतसर तालीम घेतलेला हा गवई भक्तीकडे वळला आणि मैफलीला मुकला. (नाव सांगताच निम्म्या मंडळींना सिनेनट आठवतो, ती अडचण निराळीच.) जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जंक्शनवाला (भुसावळ)

दोन्ही तटांना थोडे मागे जावे लागेल. रॉय यांचा जन्म 22 जानेवारी 1897 रोजी नदिया जिल्ह्यातील कृष्णनगरचा. वडील द्विजेंद्रलाल राय हे बंगालचे नामवंत नाटककार आणि गीतकार होते, त्यामुळे गाणे घरातच होते. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकून ते 1919 मध्ये गणितासाठी केंब्रिजला गेले. सुभाषचंद्र बोस हे त्यांचे निकटचे मित्र. पुढे गणित मागे पडले आणि त्यांनी युरोपीय संगीताचा अभ्यास केला. याच काळात त्यांचा फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांच्याशी स्नेह जुळला.

1922 च्या सुमारास परतल्यावर त्यांनी जे केले ते आपल्या तबलजींना अवश्य सांगावे. अब्दुल करीम खाँ, फैयाज खाँ अशा उस्तादांकडून शिकत, भातखंड्यांसारख्या पंडितांना भेटत ते देशभर हिंडले आणि या भटकंतीची रोजनिशी त्यांनी बंगालीत प्रसिद्ध केली. एका घराण्याचा गंडा बांधून, म्हणजे एकाच गुरूचे रीतसर शिष्यत्व पत्करून बसणाऱ्याची ही वृत्ती नव्हे. 1928 मध्ये ते पाँडिचेरीला अरविंदांच्या आश्रमात गेले खरे, पण तेथेही गायन, चाली बांधणे आणि लेखन चालूच राहिले. मैफलीला मुकले म्हणावे, तर 1965 मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांना फेलोशिप दिली, ती कशासाठी?

पिंप्राळेकर (जळगाव)

वरील माहितीशी सहमत आहे, पण माझ्या मते त्यांच्या गाण्याची किल्ली रवींद्रनाथांशी झालेल्या वादात आहे. रवींद्रनाथांचा आग्रह असा की आपल्या गीतात गायकाने भर घालण्यासाठी जागा ठेवलेलीच नाही, तेव्हा ते जसे बांधले तसेच गावे. रॉय यांना हे मान्य नव्हते. हिंदुस्थानी पद्धतीत बंदिश ही गायकाच्या हाती सोपवलेली असते आणि ते स्वातंत्र्य बंगाली गीतालाही मिळावे, असे ते मांडत राहिले. वडिलांची आणि बंगाली गीतकार अतुलप्रसाद सेन यांची गीते ते स्वतः अशाच मोकळेपणाने, विस्तार करून गात.

हाच मोकळेपणा त्यांच्या भजनात उतरला आहे. बंगालच्या पदावली कीर्तनात मूळ पदाच्या ओळींमध्ये गायक ऐनवेळी स्वतःच्या ओळी घालतो, त्यांना आखर म्हणतात. आपले कीर्तनकार अभंगाचे एक चरण धरून निरूपण करतात. तिकडे ते निरूपण सुरातच चालते. रॉय यांच्याकडे ही रीत आणि खयालाची फिरत (रागात मोकळेपणाने फिरणारी गायकी) दोन्ही होत्या, त्यामुळे त्यांच्या भजनात लांब ताना येतात आणि तरीही पद हरवत नाही. क्वचित अलंकरण जास्त होते असे मला वाटते, विशेषतः संस्कृत स्तोत्रांत. ते असो.

ताईसाहेब (धुळे)

बोरीकाठ दादा, निवेदनात एक खबरदारी घ्या. इंदिरादेवी या त्यांच्या शिष्या. त्यांना समाधिअवस्थेत मीरेचे दर्शन घडे आणि भजने ऐकू येत, अशी त्यांची श्रद्धा होती. ती भजने लिहून घेतली गेली, रॉय यांनी त्यांना चाली दिल्या आणि ती मीराभजने म्हणून गायली जातात. श्रद्धेचा मान राखावाच, पण 16 व्या शतकातील परंपरागत पदे निराळी आहेत हे श्रोत्यांना स्पष्ट सांगावे, नाहीतर कार्यक्रमानंतर कोणी मीरेच्या पदांचा संग्रह उघडून जाब विचारेल.

महाराष्ट्राचा धागाही घ्या. 1924 मध्ये गांधीजी पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर विश्रांती घेत असताना रॉय यांनी त्यांना मीरेचे भजन ऐकवले होते. 1953 मध्ये इंदिरादेवींसह परदेश दौरा झाला, 1959 मध्ये पुण्यात मंदिर उभे राहिले आणि 6 जानेवारी 1980 रोजी ते निवर्तले. एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनीही त्यांच्याकडून गाणी घेतली. दोघांनी मिळून गायलेल्या ‘वंदे मातरम्’चे ध्वनिमुद्रण मिळाल्यास दोन मिनिटे जरूर वाजवा, आप्पा आणि तबलजी दोघेही गप्प बसतील.

बोरीकाठ (अमळनेर)

सर्वांचे आभार. ताईंची सूचना पटली, त्यामुळे परंपरागत पदे पूर्वार्धात आणि इंदिरादेवींची भजने उत्तरार्धात, वेगळ्या निवेदनासह घेऊ. आखर मात्र आमच्या टाळकऱ्यांना झेपणार नाही. तो भाग मी बोलूनच सांगेन, किंवा पिंप्राळेकर सर अमळनेरला येणार असतील तर त्यांनीच गाऊन दाखवावा.