बी विंग ग्रुप: १३ चा ॲव्हरेज ९ वर

बी-४०२: नमस्कार. गाडी २०११ ची. दिवाळीपर्यंत १३ चा ॲव्हरेज होता, आता ९. गॅरेजवाला म्हणतो इंजिन उघडावं लागेल. कोणाकडे भरवशाचा मेकॅनिक आहे का?

बी-६०१: मीटरवर बघून सांगताय का? टाकी फुल करून काढा.

बी-४०२: काका, फुल टू फुलच काढलाय. दोनदा.

बी-१०४: परत एकदा लिहिते. सकाळी गाडी १० मिनिटं चालू ठेवता, धूर थेट माझ्या स्वयंपाकघरात.

बी-४०२: वहिनी, इंजिन तापायला लागतं हो.

बी-५०३: ते कार्ब्युरेटरच्या काळात, दादा. इंजेक्शनच्या गाडीला अर्धा मिनिट बास, मग हळू काढायची. उभ्या गाडीचा ॲव्हरेज शून्य.

बी-१०४: १० मिनिटं. धूर. स्वयंपाकघर. 🙏

बी-६०१: सगळं इथेनॉलमुळे!!

बी-५०३: काका, २० टक्के इथेनॉलने फार तर ६-७ टक्के फरक. १३ चे १२ होतील, ९ नाही.

बी-६०१: मी तर खंडाळ्याला उतारावर न्यूट्रल टाकतो. पेट्रोल वाचतं.

बी-५०३: कृपा करून नको. गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल बंदच करतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला पेट्रोल जातं, वर ब्रेक तापतात ते वेगळंच.

बी-६०१: तुझ्या जन्माआधीपासून चालवतोय मी.

सेक्रेटरी: वैयक्तिक नको. आणि मेंटेनन्स १० तारखेच्या आत भरावा.

बी-३०२: गाडीचा का? 😂

सेक्रेटरी: तुमचा. दोन क्वार्टर बाकी आहेत.

बी-५०३: दादा, डिकीत वजन काय आहे?

बी-४०२: गणपतीच्या मखराचे पाइप. सोसायटी ऑफिसात जागा "नव्हती" ना.

सेक्रेटरी: तो विषय एजीएममध्ये संपलाय.

बी-५०३: बरं. आज जेव्हीएलआरवरून (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) आलात की चारही रिमजवळ हात न्या, लावू नका. एकच जास्त तापलं असेल तर ब्रेक चिकटतोय, ॲव्हरेज तिथेच जातोय. हवा सकाळी, टायर थंड असताना. दारावरच्या स्टिकरवर आकडा असतो.

(रात्री ९:४०)

बी-४०२: पुढचं डावं. तव्यासारखं तापलंय!

बी-५०३: कॅलिपर (ब्रेक दाबून धरणारा भाग) अडकलाय. पिना साफ करून ग्रीस, नाहीतर नवीन सील. तोवर चालवू नका. इंजिनला हात लावू देऊ नका.

बी-६०१: मी हेच म्हणणार होतो.

बी-१०४: म्हणजे उद्या सकाळी धूर नाही?

बी-४०२: नाही वहिनी, मेकॅनिक इथेच येतोय.

बी-१०४: आणि परवा?