लहानपणापासूनच सांगा
जन्मतः दुभंगलेल्या ओठाबद्दल मुलीला कधी सांगावं, असं इथे कुणीतरी विचारलंय. अगदी सुरुवातीपासून सांगा. माझ्या भाचीचा ओठ चौथ्या महिन्यात शिवला, तोंडातली दुभंगलेली टाळू ती वर्षाची झाल्यावर. बहिणीने ऑपरेशनआधीचे फोटो अल्बममध्ये तसेच ठेवलेत. आता ती पहिलीत आहे. कुणी विचारलं की ओठावरच्या रेघेवर बोट ठेवून म्हणते, "बघ, इथे मला शिवलंय!" आणि खिदळत पळते. उच्चार अजून थोडे नाकातून येतात, त्यासाठी स्पीच थेरपी चालू आहे.

त्रास दिला तो मोठ्यांनीच. "ग्रहणात भाजी चिरली होतीस का गं?" अहो, गर्भात ओठ सातव्या आठवड्याच्या आसपास जुळून येतो, तेव्हा कित्येकींना दिवस गेल्याचंही नुकतंच कळलेलं असतं! त्या एका प्रश्नापायी बहीण कितीतरी रात्री रडली आहे.