तलावात फांद्या बुडवल्याने मासे वाढतात, की नुसते एका जागी जमतात?

तलावकाठी (घोडबंदर रोड)

गेल्या पावसाळ्यात आमच्या वसाहतीतील आंब्याची एक मोठी फांदी मोडून पडली. तिचे तुकडे अजून कुंपणाशी पडून आहेत. मागच्या तलावावर आम्ही काही जण रविवारी पहाटे गळ टाकून बसतो; हे तुकडे त्याच तलावात बुडवावेत, असे मी सुचवतो आहे. अमेरिकेत नाताळ उलटल्यावर टाकून दिलेली झाडे वजन बांधून तळ्यात सोडण्याची प्रथा जुनी आहे. आपल्याकडे बंगालमध्ये फांद्यांचे ढीग पाण्यात रचून ठेवतात आणि मासे आत शिरले की भोवती जाळे लावून ते धरतात; त्याला ‘काठा’ म्हणतात. तेव्हा हे काही परदेशी खूळ नव्हे.

माझा मुद्दा ठाण्याच्या तलावांचा आहे. सुशोभीकरणाच्या नावाखाली काठांना दगडी भिंती आल्या, गाळ उपसताना तळ सपाट झाला, आणि लव्हाळे व पाण्यावर झुकलेल्या फांद्या गेल्या. फिरायला येणाऱ्यांची सोय झाली, पण माशाला दडायला आडोसा उरला नाही. माझी योजना साधी आहे. बांबूचा चार फूट लांबीरुंदीचा पिंजरा करायचा, त्यात अंगठ्याएवढ्या जाडीच्या फांद्या विरळ भरायच्या आणि तळाशी दगड बांधायचे. बांबूची पेरे फोडून घ्यावी लागतात, नाहीतर आतल्या हवेमुळे तो तरंगत राहतो. बांधणीला नायलॉन नको, काथ्या हवा. तो पुढे कुजतो हे खरे, पण तोवर लाकूड पाणी पिऊन जड झालेले असते. मे महिन्यात पाणी उतरले तरी टोके वर दिसणार नाहीत, इतक्या खोलीवर पिंजरा ठेवला की झाले. आपणा सर्वांचे मत काय?

मत्स्यजिरे (वाशी)

तुमची तळमळ समजते, पण योजनेच्या पायातच चूक आहे. तलावात जे रोहू, कटला आणि मृगळ आहेत, ते साचलेल्या पाण्यात प्रजननच करत नाहीत; त्यांना पावसाळ्यात वाहणारी नदी लागते. १९५७ मध्ये हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन यशस्वी केले, म्हणून आज मत्स्यबीज केंद्रातून मिळते आणि त्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, तलावात सोडता येतात. याचा अर्थ असा की जेवढी सोडली, त्याहून मासे अधिक होणार नाहीत, मग तुम्ही आंबा बुडवा नाहीतर सागवान. १९५२ मध्ये देशात आणलेला तिलापिया तलावात भरपूर वाढतो, पण त्याची मादी अंडी तोंडात उबवते. तिला तुमच्या पिंजऱ्याची गरज नाही. राहिला मरळ. तो आडोशाला टपून बसणारा शिकारी असल्याने तुमच्या पिंजऱ्यावर निश्चित खूश होईल आणि आत शिरलेली बोटुकली निवांत खाईल. विखुरलेले मासे एका जागी आले की गळाला लवकर लागतात, आणि मग तलावात मासे वाढले असे आपण म्हणू लागतो.

येऊरचा पायथा

वरील प्रतिसादात संख्येचा हिशेब अचूक आहे, पण मासा केवळ संख्येने मोजायचा नसतो. पाण्यातल्या लाकडावर शेवाळ आणि सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर धरतो, आणि रोहू तो खरवडून खातो. बांगलादेशात तळ्यांत बांबू रोवून रोहूची वाढ सुधारल्याचे प्रयोग झाले आहेत. शिवाय सोडलेल्या बोटुकल्यांपैकी जगतात किती, हा प्रश्न उरतोच. आमच्याकडे हिवाळ्यात पाणकावळ्यांची टोळी सकाळी उतरते, तेव्हा सपाट तळाच्या तलावात त्या पिल्लांनी जायचे कुठे? ठाणे खाडीतल्या तिवरांच्या मुळांमध्ये कोळंबी आणि माशांची पिल्ले वाढतात, आणि तेथे मासे ‘नुसते जमतात’ असे म्हणण्याचे धाडस कोणी करत नाही. त्याच खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. खाडीतला आडोसा जपायचा आणि तलावातला पुसून टाकायचा, हे मला तरी पटत नाही.

कळव्याचा

आमच्या घरात तीन पिढ्या जाळे विणले गेले आहे, म्हणून लिहितो. खाडीत डोल जाळे (खांबांना बांधून प्रवाहात लावायचे पिशवीसारखे जाळे) लावतात, त्याच्या खांबाभोवती मासा घुटमळतो, हे आमच्या आजोबांना पुस्तक न वाचता माहीत होते. पण खांब कुठे आहे हेही त्यांना माहीत असे. तलावात ज्यांचे ओढजाळे फिरते, त्यांना तुमचा पिंजरा दिसणार नाही. जाळे अडकेल, फाटेल, आणि फाटलेला तुकडा फांद्यांना लटकून पुढे कित्येक महिने मासे आणि कासवे मारत राहील. हौस गळवाल्यांची आणि भुर्दंड जाळेवाल्यांचा, हे बरोबर नाही.

मत्स्यजिरे (वाशी)

तिवरांची उपमा आकर्षक असली तरी येथे लागू पडत नाही. खाडीचे पाणी दिवसातून दोनदा भरतीओहोटीने हलते. तलावाचे पाणी हलत नाही. हिरव्यागार तलावात शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्री तोच वापरते, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो आणि उन्हाळ्यात मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात. अशा पाण्यात पानांसकट ओल्या फांद्या टाकणे म्हणजे निर्माल्य टाकण्यासारखेच, कारण पाने कुजताना तोच प्राणवायू खातात. आणि तो पौष्टिक थर धरायला उजेड लागतो. वीतभर खाली हात दिसत नाही अशा पाण्यात तळाशी ठेवलेल्या पिंजऱ्यावर रोहूला काय मिळणार?

तलावकाठी (घोडबंदर रोड)

पानांचा आक्षेप मान्य आहे. माझ्या फांद्या कधीच वाळल्या आहेत आणि त्यांवर एकही पान नाही. उजेडाचा मुद्दा मात्र मी विचारात घेतला नव्हता, हे कबूल करतो. तळाशी पिंजरा ठेवण्याऐवजी काठापासून थोड्या अंतरावर उभे बांबू रोवले, तर वरच्या भागावर थर धरेल, आणि जाळेवाल्यांना ते लांबूनही दिसतील. त्या टोकांवर पाणकावळे पंख वाळवत बसतील, ही भीती राहतेच. त्यावर अजून उत्तर सुचलेले नाही. मासे गळाजवळ यावेत हा माझा स्वार्थ आहे, तो मी लपवत नाही, पण दगडी भिंतीतल्या तलावाला आडोसा हवा, या मतावर मी ठाम आहे. महापालिकेकडे अर्ज करण्यापूर्वी, या मे महिन्यात दोरीला दगड बांधून खोली मोजेन आणि आठवडाभर पहाटे पाचला जाऊन किती मासे धापा टाकताना दिसतात ते टिपून येथे लिहीन. कळव्याच्या मित्रांनी त्यांतील एका पहाटे सोबत यावे. जाळे कुठून कुठवर ओढले जाते, ते त्यांनी दाखवले तर बांबू त्या पट्ट्याबाहेरच रोवता येतील.

कळव्याचा

रविवार सोडून कोणत्याही दिवशी येईन. रविवारी आमचा बाजार असतो.