क्लॅप जुळतो, पण शेवटी ओठ एकीकडे आणि आवाज भलतीकडे

टीवायच्या डॉक्युमेंटरीचं सबमिशन आहे. मोबाईलवर सेकंदाला 25 फ्रेम्सने 12 मिनिटांची सलग मुलाखत घेतली, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर 48 किलोहर्ट्झला. सुरुवातीचा क्लॅप (चित्र-आवाज जुळवायला वाजवलेली पाटी) तंतोतंत बसतो, शेवटी अर्ध्या सेकंदाचा फरक. रेकॉर्डर बिघडलाय का?

बूमवाला:
रेकॉर्डरला बोल लावू नका. साध्या रेकॉर्डरचं घड्याळही 12 मिनिटांत फार तर एखादी फ्रेम चुकतं, इथे 12 गेल्यात. मोबाईल फ्रेम रेट स्थिर ठेवत नाही, उजेड कमी पडला की फ्रेम्स गाळतो. गोची तिथे आहे. मूळ फाइल हँडब्रेकमध्ये (व्हिडिओ कन्व्हर्ट करायचं सॉफ्टवेअर) घ्या, व्हिडिओ टॅबमध्ये 25 आणि 'कॉन्स्टंट', क्वालिटी 18. नवी फाइल घेऊनच एडिट करा.

कटिंगचहा:
+1. मोबाईलचा स्वतःचा आवाज मात्र उडवू नका, कितीही घाण असला तरी. वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) जुळवून बघायला तोच लागतो. एडिटिंगला रिझॉल्व्ह सॉफ्टवेअर वापरत असाल तर नवा प्रोजेक्ट 24 फ्रेम्सवर उघडतो, आणि एकदा मीडिया आत घेतला की तो आकडा बदलत नाही. आधीच 25 करा.

बूमवाला:
हो, आणि पुढच्या वेळी टेक संपतानाही क्लॅप द्या, पाटी उलटी धरून, म्हणजे शेवटचा क्लॅप आहे हे एडिटरला कळतं. शटर 1/50 वर लॉक करा, नाहीतर ट्यूबलाइटचे पट्टे येतील. आणि निघण्याआधी खोलीची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करा. पंखा मुलाखतीच्या वेळी होता तसाच ठेवून!