मदत हवी आहे: रक्तगट न जुळणाऱ्या दात्याची किडनी, की स्वॅपसाठी थांबायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरचे. माझा धाकटा भाऊ, वय ४१, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे. दोन्ही किडन्या निकामी, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू. पुण्याच्या झेडटीसीसीच्या (मृत दात्यांचे अवयव वाटप करणारी समिती) यादीत नाव घातलंय, पण तिथला नंबर कधी लागेल याचा भरवसा नाही.

त्याचा रक्तगट ओ, वहिनीचा बी. वहिनी पहिल्यापासून "माझी घ्या" म्हणतेय. बाकी तपासण्यांत ती बसते, क्रॉसमॅचही (रक्तगट सोडून भावाचं रक्त तिच्या पेशींवर हल्ला करतं का ते पाहायची तपासणी) निगेटिव्ह, म्हणजे ठीक आहे. आईचा गट जुळतो, पण तिला शुगर. माझा ए, शिवाय बीपीची गोळी.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक स्वॅप, म्हणजे दुसऱ्या कुटुंबाशी दात्यांची अदलाबदल. २०११ च्या दुरुस्तीपासून कायद्यात त्याची सोय आहे. पण ओ गटाच्या पेशंटला ओ चाच दाता लागतो, आणि ओ चा दाता बहुतेक वेळा आपल्याच माणसाला चालतो, मग तो अदलाबदलीत येईल कशाला? तोवर डायलिसिसवर भाऊ खंगत जाणार.

दुसरी वाट, वहिनीचीच किडनी. भावाच्या रक्तात बी गटाविरुद्धच्या अँटिबॉडी आहेत, त्यांचं टायटर, म्हणजे प्रमाण, १:१२८ आलंय. आधी नव्या अँटिबॉडी बनणं रोखणारं रिटुक्सिमॅबचं इंजेक्शन, मग प्लाझ्माफेरेसिस (मशीनने रक्तातल्या अँटिबॉडी काढून टाकणं) करून टायटर १:८ पर्यंत उतरवायचं, मगच ऑपरेशन. त्यानंतरचे पहिले दोन आठवडे सगळ्यात जोखमीचे. अँटिबॉडी उसळल्या तर नवी किडनी हातची जाऊ शकते. तेवढं निभावलं की पुढं टायटर थोडं वाढलं तरी किडनी सहसा ते सोसते. जपानमध्ये १९८० च्या दशकापासून हे करतात.

माझं मन याच वाटेकडे झुकतंय. भीती आहे ती इन्फेक्शनची, कारण प्रतिकारशक्ती नेहमीच्या प्रत्यारोपणापेक्षा जास्त दाबावी लागते. खर्चही बराच वाढतो.

ज्यांच्या घरी असं ऑपरेशन झालंय त्यांनी कृपया लिहा. टायटर इतकं असताना प्लाझ्माफेरेसिस किती वेळा करावी लागली? पहिल्या वर्षात इन्फेक्शनमुळे परत ॲडमिट व्हावं लागलं का? टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबायचं औषध) लेव्हलची तपासणी कोल्हापुरात करून रिपोर्ट पाठवले तर चालतं, की दर वेळी पुणे-मुंबई गाठावी लागते? फौंड्रीच्या धुळीत परत कामाला जाता येईल का?

आणि दात्यांनीही जरूर लिहा. भावाची चौकशी सगळे करतात, वहिनीची कुणीच करत नाही. तिच्या घरी दोन म्हशी आहेत. धारा, वैरणीचे भारे ही कामं किती महिन्यांनी सुरू केलीत? व्यनि (खाजगी मेसेज) केलात तरी चालेल.