हिपॅटायटिस बीची एचबीएसएजी टेस्ट निगेटिव्ह, पण नॅट रिअ‍ॅक्टिव्ह... हे कसं काय?

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं रक्तदान करतोय, कधीच काही निघालं नाही. परवा रक्तपेढीतून फोन आला, येऊन भेटा म्हणून. गेलो तर काउन्सेलर मॅडमनी रिपोर्ट पुढे ठेवला, एका ओळीत एचबीएसएजी नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आणि लगेच खाली एचबीव्ही (हिपॅटायटिस बीचा विषाणू) नॅट रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह. मला कधी कावीळ झालेली आठवत नाही. एकाच रक्ताचे दोन उलट रिपोर्ट कसे? आणि आधी दिलेल्या पिशव्या कोणाला गेल्या असतील, तेच डोक्यात फिरतंय.

प्रतिसाद १
दादा, मी लॅबमध्येच काम करते. रिपोर्ट उलट नाहीयेत, दोन टेस्ट दोन वेगळ्या गोष्टी शोधतात. एचबीएसएजी म्हणजे विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचं प्रोटीन, नॅट थेट त्याचा डीएनए पकडते. लपलेल्या म्हणजे ऑकल्ट हिपॅटायटिस बी मध्ये विषाणू लिव्हरच्या पेशींत दडून असतो, रक्तात अगदी थोडा उतरतो, बहुतेक वेळा मिलीला २०० आययूच्या आतच, आणि तोही कधी सापडतो कधी नाही, त्यामुळे मागच्या वेळी सुटला असू शकतो. पण आत्ताच नवीन लागण झाली असेल तरी सुरुवातीला रिपोर्ट असाच येतो, म्हणून अँटी-एचबीसी (या विषाणूविरुद्ध शरीरात बनणारी अँटीबॉडी) टोटल आणि आयजीएम दोन्ही करा, आयजीएम नव्या लागणीत दिसते, थोड्या आठवड्यांनी एचबीएसएजी परत करा.

प्रतिसाद २
माझ्या मुलीला थॅलेसेमिया आहे, दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढतं, त्यामुळे असं काही वाचलं की पोटात गोळा येतो. मग प्रत्येक पिशवीची अँटी-एचबीसी का नाही करत?

प्रतिसाद १
ताई, काही देशांत करतात. पण जिथे खूप लोकांना लहानपणी हिपॅटायटिस बी होऊन गेलेला असतो तिथे त्यांची अँटी-एचबीसी जन्मभर पॉझिटिव्ह राहते, त्या सगळ्या पिशव्या बाद केल्या तर तुमच्या मुलीलाच रक्त कमी पडेल. नॅट करतात तिथे सुद्धा एकेक सॅम्पल की सहा-सहा एकत्र हे जरूर विचारा, कारण सहा एकत्र केले की मुळातच थोडा असलेला विषाणू अजून पातळ होतो आणि निसटतो. आणि मुलीची लस झालीये ना? अँटी-एचबीएस (लसीने तयार होणारी संरक्षक अँटीबॉडी) लेव्हल बघून घ्या, बूस्टर लागला तर द्या.

दादा, आधीच्या पिशव्यांचं म्हणाल तर रक्तपेढीला स्वतःहून सांगा, पिशवीच्या नंबरवरून कोणाला गेल्या ते शोधता येतं आणि त्या पेशंटना बोलावून तपासता येतं. विषाणू रक्ताच्या पातळ भागात म्हणजे प्लाझ्मात असतो; प्लाझ्माच्या पिशवीत साधारण २०० मिली प्लाझ्मा असतो, लाल पेशींच्या पिशवीत फार तर २०-३०, म्हणून प्लाझ्मा कोणाला गेला ते आधी बघायला सांगा. यात तुमची काहीच चूक नाही हो.

मूळ प्रश्नकर्ता
मनापासून आभार ताई. अँटी-एचबीसी टोटल पॉझिटिव्ह आली, आयजीएम निगेटिव्ह, एलएफटी (लिव्हरची तपासणी) नॉर्मल. म्हणजे जुनंच दिसतंय असं डॉक्टर म्हणाले, पुढे कधी केमो किंवा स्टिरॉइड घ्यायची वेळ आली तर हे आधी सांगा, नाहीतर विषाणू उसळू शकतो. रक्तपेढीत जाऊन जुन्या डोनेशनच्या तारखा देऊन आलो. बायकोची टेस्ट उद्या आहे.